लढाईची वाट पाहणारी छावणी : रॅपहॅनॉकच्या काठावर, १८६२-६३

सातारची_लेक

व्हर्जिनियात आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, स्टॅफर्ड काउंटीत, एक लहानसं उद्यान आहे. दाट झाडी, चढउताराचा रस्ता आणि झाडांमधून जमिनीत ठिकठिकाणी खळगे. चार माणसं दाटीवाटीनं झोपतील एवढे. पहिल्यांदा गेले तेव्हा उन्मळलेल्या झाडांच्या जागा असाव्यात असं वाटलं होतं. पाटी वाचल्यावर कळलं, ही घरं होती. १८६३ च्या हिवाळ्यात अमेरिकन यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याची अकरावी कोअर (सैन्याचा एक मोठा विभाग) इथे मुक्कामाला होती. ते शिपाई जमिनीत कंबरभर उतरून राहिले आणि पुढच्या लढाईची वाट पाहत बसले.

तेव्हापासून चार वेळा जाऊन आले. माझे वडील फौजेत होते. १९७१ ची लढाई चौदा दिवसांत संपली, पण त्याआधी कित्येक महिने ते सीमेवर होते, आणि आईनं जपून ठेवलेली बहुतेक पत्रं त्या महिन्यांतली आहेत. त्यांत लढाईचा शब्द नाही. थंडी कशी आहे, कोणाला रजा मिळाली, डाळ शिजत नाही, पायाला भेगा पडल्यात, एवढंच. लहानपणी मला ती पत्रं कंटाळवाणी वाटायची. त्या खळग्यांपाशी उभी राहिले तेव्हा ती आठवली, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. १३ डिसेंबर १८६२ ला उत्तरेच्या जनरल बर्नसाइडनं रॅपहॅनॉक नदी ओलांडून फ्रेडरिक्सबर्गमागच्या टेकड्यांवर हल्ला केला. दक्षिणेचं सैन्य टेकड्यांवर आणि पायथ्याच्या दगडी भिंतीआड होतं. उत्तरेची साडेबारा हजारांहून जास्त माणसं त्या मोहिमेत मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मग उरलेलं सैन्य रातोरात नदी ओलांडून मागे आलं. अलीकडे फाल्मथ आणि स्टॅफर्ड, पलीकडे फ्रेडरिक्सबर्ग, मध्ये एक नदी. दोन्ही सैन्यं समोरासमोर बसून राहिली, ती एप्रिल संपेपर्यंत.

अलीकडे सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती. ज्या काउंटीची स्वतःची वस्ती दहा हजारसुद्धा नव्हती, तिथे. पहिल्या काही आठवड्यांतच झाडं संपली. घरासाठी लाकूड, चुलीसाठी लाकूड, चिखलात रस्ता करायचा तर त्यावर आडवे ओंडके. (असा ओंडक्यांचा रस्ता केलेली जागा त्या उद्यानात आजही दाखवतात.) मग सरपणासाठी मैलोन् मैल चालायचं आणि ओली मोळी खांद्यावर घेऊन परत यायचं.

घर असं बांधायचे. आधी खड्डा. त्यावर ओंडक्यांच्या चार-पाच ओळी, फटींत चिखल लिंपलेला. छपराला तंबूचं कापड. प्रत्येक शिपायाजवळ तंबूचा अर्धाच तुकडा असे. दोघांनी आपापले तुकडे गुंड्यांनी जोडले की एक तंबू होई. चार जणांचे चार तुकडे, म्हणजे एका झोपडीचं छप्पर. धुराडं काटक्या आणि चिखलाचं, आणि धूर नीट ओढला जावा म्हणून त्याच्या टोकावर तळ काढलेलं पिंप. ते पिंप हमखास पेटायचं. रात्री संगीन जमिनीत उलटी रोवली की तिच्या खोबणीत मेणबत्ती बसायची. त्या उजेडात पत्रं लिहायची.

जानेवारीत एकदा वाट पाहणं संपेल असं वाटलं होतं. २० जानेवारीला बर्नसाइडनं सैन्य हलवलं, नदीच्या वरच्या अंगाला जाऊन पलीकडे उतरायचं म्हणून. त्याच संध्याकाळी पाऊस लागला आणि लागलाच. तोफा आसापर्यंत रुतल्या, पुलासाठी आणलेल्या होड्यांच्या गाड्या हलेनात, घोडी आणि खेचरं चिखलात मेली. पलीकडच्या काठावरून शत्रू फळ्यांवर लिहून दाखवत होता, की बर्नसाइड चिखलात अडकला आहे. तीन दिवसांनी सगळे निथळत त्याच झोपड्यांकडे परत. त्या मोहिमेचं नावच ‘चिखलाची कूच’ पडलं, आणि आठवड्याच्या आत बर्नसाइडच्या जागी जनरल हुकर आला.

त्या जानेवारीत छावणी मनानं खचली होती. पगार महिना तेरा डॉलर, तोही कित्येकांना महिनोन् महिने मिळालेला नव्हता. रोज माणसं पळून जात होती. घरचे लोक खाऊच्या खोक्यात साधे कपडे दडवून पाठवायचे, लष्करी कपडे टाकून निघून यायला.

आणखी खूप आहे. कोणाला वाचायचं असेल तर लिहीन.

निशिगंध

लिही गं, नक्की लिही. दिवसभर करायचे काय ते? आणि खायचे काय? माझ्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं.

सातारची_लेक

निशिगंध, त्यांच्या पत्रांतही हाच विषय सगळ्यात जास्त असतो.

मुख्य अन्न म्हणजे पीठ आणि पाण्याची भाजलेली कडक चौकोनी टिक्की, हार्डटॅक. तळहाताएवढी, अर्धा इंच जाड. दिवसाला नऊ-दहा मिळायच्या. दातानं तुटायची नाही. बंदुकीच्या दस्त्यानं फोडायची, नाहीतर कॉफीत भिजवायची. कॉफीत टाकली की आतल्या अळ्या वर तरंगायच्या. त्या चमच्यानं काढायच्या आणि उरलेलं खायचं. खारवलेलं डुकराचं मांस असलं तर त्याच्या चरबीत टिक्की परतायची. कॉफीवर मात्र त्यांचा जीव. बिया कच्च्या मिळाल्या तर स्वतः भाजायच्या, भांड्यात घालून दस्त्यानं कुटायच्या. पहाऱ्यावरून आलं की आधी आधण.

हुकर आला आणि त्यानं आधी पोटाकडे पाहिलं. भट्ट्या लावायला सांगून आठवड्यातून चार वेळा ताजा पाव सुरू केला, दोनदा बटाटे किंवा कांदे. पोटोमॅक नदीवरच्या अक्विया धक्क्यापासून फाल्मथपर्यंत रेल्वे होती, म्हणजे माल पोचवणं शक्य होतं. तो शिपायापर्यंत पोचतो की नाही हे कोणी तरी बघायला हवं होतं. रजा सुरू केली, पाळीपाळीनं, शंभरात दोघांना. मार्चमध्ये प्रत्येक कोअरला टोपीवर लावायचं चिन्ह दिलं. माझ्या खळग्यांतल्या अकराव्या कोअरला चंद्रकोर मिळाली. माझ्या आईच्या कपाळावरही चंद्रकोर असते, त्यामुळे मला ते सारखं आठवतं.

आणि दिवसभर काय, तर कवायत. सकाळी कवायत, दुपारी कवायत. मधल्या वेळात कपड्यांतल्या उवा मारणं, मोजे शिवणं, पत्ते, पत्राची वाट. आणि आळीपाळीनं नदीवर पहारा.

हवालदार_सेवानिवृत्त

ताई, तुमच्या वडिलांच्या पत्रातली डाळ वाचून थांबलो. उंचावर डाळ खरंच शिजत नाही.

मी लढाई पाहिलेली नाही, पण वाट पाहिली आहे. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आमची पलटण राजस्थानात सीमेवर गेली. ऑपरेशन पराक्रम. तुमच्या फ्रेडरिक्सबर्गची तारीखही १३ डिसेंबरच आहे, ते वाचून अंगावर काटा आला. आम्हाला वाटलं आठ दिवसांत काय ते होईल. दहा महिने काढले. हिवाळ्यात बंकर खोदले ते उन्हाळ्यात वाळूनं भरायचे, पुन्हा उपसायचे. जानेवारीत वाटलं आता होणार, मग मे महिन्यात वाटलं आता नक्की होणार. दोन्ही वेळा घरी शेवटचं लिहावं तसं पत्र लिहिलं. तसं पत्र दुसऱ्यांदा लिहिणं फार जड जातं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लढाई झाली नाही म्हणजे आराम. सुरुंग पेरताना आणि काढताना आमची माणसं गेली. गोळी न झाडता गेली.

माणसाला कवायतीला का लावतात ते मी सांगतो. रिकामा बसला की तो घरी जातो, मनानं. एकदा मनानं घरी गेला की पहाऱ्यावर नुसतं शरीर उभं असतं. म्हणून आमचे सुभेदार साहेब काही नाही तर दगडांना चुना लावायला सांगायचे. तेव्हा राग यायचा. नंतर मी स्वतः पोरांना चुना लावायला सांगितला.

नदीवरच्या पहाऱ्याबद्दल लिहा.

सातारची_लेक

भाऊ, दुसऱ्यांदा लिहिलेल्या पत्राचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. आईजवळच्या गठ्ठ्यात एकाच मजकुराची दोन पत्रं आहेत, थोड्या दिवसांच्या अंतरानं. ती दोन का, हे आज समजलं.

नदीवर असं चालायचं. फाल्मथपाशी पात्र अरुंद आहे, हाक सहज पोचते. मोठं काही घडणार नसेल तर पहारेकरी एकमेकांवर गोळी झाडत नसत. उत्तरेकडे कॉफी भरपूर, तंबाखू कमी. दक्षिणेकडे तंबाखू मुबलक, आणि समुद्रावरच्या नाकेबंदीमुळे कॉफी दुर्मीळ. मग फळीची होडी करायची, तिला कागदाचं शीड, आत कॉफीची पुरचुंडी आणि वर्तमानपत्र. ती पलीकडे गेली की तंबाखू घेऊन परत यायची. अधिकाऱ्यांनी मनाई केली, तरी चालूच राहिलं. संध्याकाळी दोन्हीकडचे बँड वाजायचे. घराच्या आठवणीची एक धून दोन्ही काठांवर एकाच वेळी वाजली आणि हजारो माणसं गप्प झाली, असं लिहिणारे दोन्ही बाजूंना आहेत.

इतिहासाचे_पान

धागा मनापासून आवडला. पलीकडच्या काठाची भर घालतो.

दक्षिणेच्या सैन्याची ती छावणी उपाशी होती. मार्च १८६३ मध्ये जनरल ली यानं वरिष्ठांना कळवलं की माणसाला रोज अठरा औंस पीठ आणि चार औंस हलक्या प्रतीचं खारं मांस मिळतं, अधूनमधून थोडा तांदूळ, साखर किंवा काकवी. भाजी नाहीच. म्हणून प्रत्येक रेजिमेंटमधून रोज माणसं रानात पाठवली जात होती. ती काय आणत? रानकांदा, रानलसूण, झाडांचे कोंब आणि एक पालेभाजी, जी आपण चाकवत म्हणून ओळखतो. एवढ्या माणसांना ते कुठून पुरणार?

घोड्यांची गत आणखी वाईट. सैन्य एकत्र राहिलं तर खायला पुरत नाही, म्हणून लीनं आपल्या जनरल लाँगस्ट्रीटला दोन डिव्हिजन देऊन दूर आग्नेय व्हर्जिनियात पाठवलं होतं. तिथल्या मुलखातून धान्य गोळा करणं हे त्याचं एक काम होतं. त्यामुळे मे महिन्यात लढाई झाली तेव्हा ते वीर तिथे नव्हतेच. २ एप्रिलला तर खुद्द रिचमंडमध्ये, त्यांच्या राजधानीत, बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि दुकानं फुटली.

आणि तरीही बर्फ पडलं की तिथेही हजारो शिपाई रांगा करून, झेंडे घेऊन, बर्फाच्या गोळ्यांची लढाई खेळायचे. बहुतेकांचं वय विशीच्या आसपास होतं, हे अशा वेळी लक्षात येतं.

समतेची_वाट

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय, पण मला एक टोचतंय आणि ते स्पष्ट लिहिते.

नदीवरची कॉफी आणि तंबाखू वाचताना वाटतं की दोन भावांचं भांडण होतं, बिचारे उगाच लढले. ती तंबाखू कोणी पिकवली होती? इतिहासाचे_पान, तुम्ही ‘ते वीर’ लिहिलंत. दक्षिणेच्या छावणीत लाकडं फोडायला आणि स्वयंपाकाला मालकांनी आणलेले गुलाम होते, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. फ्रेडरिक्सबर्गमध्ये जॉन वॉशिंग्टन नावाचा गुलामीत जन्मलेला तरुण हॉटेलात काम करत होता. १८ एप्रिल १८६२, गुड फ्रायडे. पलीकडे उत्तरेचं सैन्य आल्याचं दिसताच तो हीच रॅपहॅनॉक ओलांडून गेला आणि त्या दिवसापासून स्वतंत्र झाला. पुढे काही काळ त्यानं सैन्यात एका जनरलच्या भोजनगृहाचं काम पाहिलं आणि नंतर आपली आठवण स्वतः लिहून ठेवली. त्या वसंतात आणि उन्हाळ्यात या भागातून सुमारे दहा हजार माणसं अशीच पलीकडे गेली. त्यांच्यासाठी ती छावणी म्हणजे वाट पाहण्याची जागा नव्हती, पोचण्याची होती.

१ जानेवारी १८६३ ला लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात आली, म्हणजे तुमच्या गोष्टीच्या अगदी मध्यावर. त्या झोपड्यांमध्ये त्यावर काय बोललं जात होतं, तेही यायला हवं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना या युद्धाचा अर्थ कळला होता.

इतिहासाचे_पान

‘वीर’ शब्द सवयीनं आला, तिथे नको होता. लिहिलंत ते बरं केलंत.

सातारची_लेक

समतेची_वाट, तुमचं म्हणणं मान्य आहे, अगदी मनापासून. मी खळग्यांपासून सुरुवात केली आणि खळग्यांतच राहिले.

घोषणेबद्दल सांगायचं तर झोपड्यांमध्ये एकमत नव्हतं. कित्येक जण चिडले. आम्ही देश एकत्र ठेवायला आलो, यासाठी नाही, असं घरी लिहिणारे होते. पळून जाणाऱ्यांत काहींनी हेच कारण दिलं. आणि काहींचं मत तिथेच, त्या नदीवर बदललं. फाटक्या कपड्यांत, पोरं कडेवर घेऊन येणारी माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पाठीवरचे वळ पाहिले. छावणीत गाड्या हाकणारे, कपडे धुणाऱ्या बायका, स्वयंपाकी यांत ही माणसं होती. जो शिपाई न्यूयॉर्क किंवा ओहायोच्या खेड्यातून आला होता, त्यानं आयुष्यात प्रथम त्यांच्याशी चार शब्द बोलले असतील.

वऱ्हाडचा_वारा

आमच्या भागाचा याच्याशी थेट संबंध आहे म्हणून लिहितो. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीनं अडली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला आणि भाव मुंबईकडे वळला. खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस कधी नव्हे त्या भावानं गेला. मुंबईत प्रेमचंद रायचंदसारख्यांनी अफाट पैसा केला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा झाला. १८६५ मध्ये लीनं शरणागती पत्करली आणि भाव कोसळले. सटोडिये बुडाले ते सर्वांना माहीत आहे. ज्यानं चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून पैसे घेऊन कापूस पेरला होता, त्याचं काय झालं हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंय.

म्हणजे त्या झोपडीतला शिपाई युद्ध संपायची वाट पाहत होता, आणि मुंबईच्या बाजारात माणसं ते आणखी चालावं म्हणून वाट पाहत होती. हे मला नीट पचत नाही.

कोकणातला_डॉक्टर

माझ्या विषयाचं थोडं. या युद्धात सहा लाखांहून जास्त शिपाई गेले, आणि त्यांतले साधारण दोन तृतीयांश रोगानं. हगवण, विषमज्वर, न्यूमोनिया, गोवर. गोवर मोठ्या माणसांना कसा, असा प्रश्न पडेल. ही खेड्यांतली मुलं होती, शेजारचं घर मैलभर लांब. लहानपणी गोवर आलाच नव्हता. हजार जण एकत्र आले आणि पहिल्याच छावणीत तो सगळ्यांना एकदम झाला.

फाल्मथच्या छावणीत जोनाथन लेटरमन हा वैद्यकीय प्रमुख होता. तंबूंभोवती पाण्याला चर, संडासाचे खड्डे खोल आणि रोज मातीनं झाकलेले, आंघोळ सक्तीची, आणि ऊन पडलं की झोपड्यांची छपरं काढून आत ऊन-वारा खेळू द्यायचा. रोगजंतूंचा सिद्धांत अजून रुळायचा होता, आणि हा माणूस निरीक्षणावर हे करत होता. ताजी भाजी मिळू लागल्यावर स्कर्व्ही हटली. वसंतापर्यंत आजाऱ्यांची संख्या स्पष्ट घटली होती.

कवी वॉल्ट व्हिटमनही डिसेंबरमध्ये तिथे आला होता. जखमींच्या यादीत भावाचं नाव वाचून धावत आला. भावाच्या गालाला लहानशी जखम होती, पण इस्पितळ केलेल्या हवेलीपुढे झाडाखाली कापलेल्या हातापायांचा ढीग पाहिला. मग तो पुढे वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या इस्पितळांत जखमींच्या उशाशी बसला, त्यांची पत्रं लिहून देत.

निशिगंध

तुझ्या त्या खळग्यांतल्या माणसांचं पुढे काय झालं? चंद्रकोरवाल्यांचं?

सातारची_लेक

तेच लिहायचं राहिलं होतं, आणि टाळतही होते.

एप्रिलच्या सुरुवातीला लिंकन आला, बायको आणि धाकट्या मुलाला घेऊन. काही दिवस छावणीतच राहिला. इस्पितळाच्या तंबूतंबूत जाऊन आजाऱ्यांशी बोलला. मोठी संचलनं झाली, तासन् तास रांगा पुढून जात होत्या. जानेवारीत खचलेलं सैन्य ते हेच, यावर विश्वास बसू नये असं.

मग हुकूम आला, प्रत्येकानं आठ दिवसांचा शिधा स्वतःजवळ घ्यायचा. पाठीवरच्या पिशवीत पाच दिवसांचा, खांद्याच्या झोळीत तीन दिवसांचा. नेहमी तीनच दिवसांचा देतात. आठ दिवसांचा म्हणजे काय, ते न सांगता सगळ्यांना कळलं. आणि पुन्हा पाऊस लागला, नदी फुगली, पुन्हा दोन आठवडे थांबले. भाऊ, तुमच्या मे महिन्यासारखंच.

२७ एप्रिलला अकरावी कोअर निघाली. छपराचे आपापले तुकडे सोडवून, गुंडाळून पाठीवर घेतले. २ मे च्या संध्याकाळी चान्सलर्सव्हिलच्या रानात ते सैन्याच्या उजव्या टोकाला होते. बहुतेकांनी बंदुका रचून ठेवल्या होत्या. चुली पेटल्या होत्या, जेवण शिजत होतं. रानातून हरणं आणि ससे सुसाट पळत आले. काही जण हसले, ओरडले. हरणांच्या मागून दक्षिणेच्या जनरल जॅक्सनचं सैन्य आलं. अकराव्या कोअरच्या अकरा हजारांतले दोन हजारांहून जास्त त्या मोहिमेत मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्या कोअरमध्ये जर्मनीतून आलेली माणसं पुष्कळ होती, म्हणून पराभवाचा सगळा दोष देशानं त्यांच्या माथी मारला. हल्ला उजवीकडून येतोय असं दुपारभर सांगणारे शिपाई आणि अधिकारी त्यांच्यातच होते, वर कोणी ऐकलं नाही. याचा मला अजून राग येतो.

लढाई ६ मे ला संपली. हुकरनं सैन्य नदीच्या अलीकडे घेतलं आणि सगळे परत आले ते याच छावणीत. साडेचार महिने वाट पाहिली, नऊ-दहा दिवस बाहेर होते आणि परत त्याच खड्ड्यांत उतरले. ओंडक्यांच्या भिंती होत्या तशाच होत्या. वर फक्त छप्पर घालायचं होतं, पाठीवर नेलेले तुकडे पुन्हा जोडून.

हवालदार_सेवानिवृत्त

चारांतले दोघेच आले असतील तर अर्धीच झोपडी झाकली गेली असेल.

सातारची_लेक

हो भाऊ.